मीटर पळतोय, वैनी!

काय वैनी, उद्या जेसीबी येतोय म्हणे तुमच्याकडं? नाही हो, कुणी चहाडी केली नाही. डेअरीत दूध घालायला गेले होते, तिथं विषय निघाला. परसातला शोषखड्डा, मागचा पाण्याचा चर आणि बांधावरचा बाभळीचा बुडखा, तिन्ही कामं दोन तासांत उरकायची. शिवाय परवा मळ्यात रोटर मारायला अवजार बँकेचा ट्रॅक्टर. आणि तो तुमचा पोरगाच चालवणार, कारण त्यांचा ड्रायव्हर मेहुणीच्या लग्नाला गेलाय. बघा, काही सुटलं का माझ्याकडून?

आमची गाडी सांगितली नाहीत त्याचा राग नाही हं. खरंच नाही. तासाला शंभर रुपये कमी पडत असतील तर माणूस तिकडं जाणारच, मीसुद्धा गेले असते. पण आमच्या घरात एक जेसीबी, दोन ट्रॅक्टर, आणि त्यांची वही माझ्याकडं. काय मोडलं, कुणाच्या रानात मोडलं, कुणी भरून दिलं आणि कुणी तोंड चुकवलं, सगळं माझ्या अक्षरात आहे. आमचे हे म्हणतात, तुला मशीनमधलं काय कळतंय? मशीनमधलं नसेल कळत, बिलातलं कळतं. आणि बिलं लिहिता लिहिता मशीनही कळायला लागतं.

वही चाळली ना, तर निम्म्याहून जास्त मोडतोड घाईची आहे. तासाची बोली झाली की मालकाचा डोळा खड्ड्यावर राहत नाही, घड्याळावर जातो. ‘आवर रे, आवर रे’ म्हणून तो ऑपरेटरच्या मागं लागतो. ऑपरेटरही माणूसच. तो मग जॅक नीट टेकवत नाही, ग्रीस मारत नाही, बकेटनंच ठोकतो, बकेटनंच झाडतो. दहा मिनिटं वाचतात आणि दुपारभर गाडी मेकॅनिकची वाट बघत उभी.

वरच्या आळीचंच घ्या की. परवापासून नळाला पाणी नाही, बायका कळशा घेऊन शाळेच्या बोअरवर. थोरल्या घरात संडासचा खड्डा काढायचा होता. ऑपरेटरनं रीतसर विचारलं, ‘मालक, खाली काही आहे का?’ तर म्हणाले, ‘आजोबांपासूनची जागा आहे आमची, खण बिनधास्त.’ खणलं तर पंचायतीची पाइपलाइन, आणि तिच्या अंगालगत मोटारीची केबल. दोन्ही एका ओढीत वर. आता भावाभावांत जुंपलीय. धाकटा म्हणतो खड्डा तुझा, थोरला म्हणतो पाइप टाकला तेव्हा पंचायतीत तू होतास. ऑपरेटर परगावचा, त्याला काय जमिनीखालचं स्वप्न पडणार होतं? जमीन ज्याची, खाली काय आहे ते त्यानंच सांगायचं.

तुमच्या परसातली लाइन कुणाच्या देखत टाकली? मामंजींच्याच ना? मग आज संध्याकाळी त्यांना खुर्ची टाकून परसात बसवा. बोअरची केबल कुठून गेली, ठिबकची मेन कुठं वळली, जुना आड कुठं बुजवला, सगळं काढून घ्या. हो, आडसुद्धा. बुजवलेल्या आडावर साडेसात-आठ टनांची गाडी उभी राहिली तर कुणाच्या बापाला आवरायची? मामंजी सांगतील तिथं फक्कीनं रेघा ओढा, कबड्डीच्या मैदानाला ओढतात तशा ठळक. आणि रेघेजवळचं शेवटचं दोन-अडीच फूट कुदळ-खोऱ्यानं उकरायचं. तिथं मशीन लावायचंच नाही. रस्त्याच्या कडेला खणणार असाल तर फायबरची केबल असते, ती तुटली की अख्ख्या गावाचं इंटरनेट जातं. आमचा मुलगा सांगत होता, २०२३ च्या मार्चमध्ये सरकारनं ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप काढलंय. खणण्याआधी कळवायचं, म्हणजे ज्यांच्या लाइनी आहेत त्यांना निरोप जातो. परसातल्या खड्ड्याला नको ते, पण गटाराचा चर रस्त्यापर्यंत नेणार असाल तर ध्यानात असू द्या.

आणि एक, गाडी दारात येण्याआधी सगळं ठरलेलं हवं. मीटर इंजिन चालू असलं की पळतो, बकेट हलो न हलो. गेल्या उन्हाळ्यात आमची गाडी एका ठिकाणी गेली, तर सासू म्हणे खड्डा तुळशीच्या उजव्या अंगाला, सून म्हणे डाव्या. गाडी आपली धडधडत उभी, मीटर पळतोय, आणि यांचं तुळशीभोवती चाललंय. शेवटी बिल बघून दोघी एक झाल्या, आमच्याविरुद्ध! म्हणून सुरुवातीचा आकडा तुमच्या मोबाइलवर फोटो काढून ठेवा, शेवटचाही काढा. गाडीला चारी बाजूंनी फेरी मारून फोटो घ्या. बकेटला दात किती आहेत, काच तडकलीय का, टायरला आधीचा कट आहे का, होज पाइप कुठं ओला आहे का. ऑपरेटरला राग येईल, येऊ दे. आमचा ऑपरेटर तर स्वतःच गिऱ्हाइकाला सांगतो, ‘फोटो काढा ताई, मग तुम्ही मोकळ्या, मी मोकळा.’

होज ओला दिसला तर हात लावू नका हं. पोरांनाही लावू देऊ नका. त्यातलं तेल २०० बारच्या वर दाबानं फिरत असतं. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून उडालं तरी कातडीच्या आत घुसतं. वरून नुसता ठिपका दिसतो आणि आत बोट सडतं. तसं झालं तर हळद लावत बसायचं नाही, तडक सर्जनकडं. गळती बघायची तर पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा, तोही लांबून.

सकाळी ग्रीस मारलंय का हे विचारा बरं का. बूमच्या, बकेटच्या पिना-बुशांना रोजच्या रोज ग्रीस लागतं. ते मारायला पंधरा-वीस मिनिटं जातात, आणि ती कुणाच्या मीटरमध्ये धरायची यावरून भांडणं होतात. आमच्या घरी नियम आहे, ग्रीस आमच्या वेळेत. ज्याच्या गाडीच्या पिना बिनग्रीसच्या करकरतात ना, त्याचा दर शंभरनं कमी असतो. मी कुणाचं नाव घेतलं का? नाही ना?

बरं, जॅक. मागचे दोन पाय हो, खणताना खाली टेकवतात ते. ते दोन्ही घट्ट टेकले पाहिजेत, पुढची बकेटही जमिनीला लागली पाहिजे आणि गाडी सपाट बसली पाहिजे, तेव्हा मागचा हात चालवायचा. तुमच्या परसातली माती भुसभुशीत, तिथं पायाखाली जाड फळ्या द्यायला सांगा. कॅनॉलपलीकडं एकानं विहिरीच्या काठाशी गाडी लावली, एक पाय दगडावर, एक पाय भरावावर. बूम लांब सोडून गाळ उचलला आणि काठ धसला. गाडी बसली आडवी. ऑपरेटर वाचला, पट्टा लावला होता म्हणून. गाडी काढायला दुसरी गाडी आणावी लागली आणि त्या दुसऱ्या गाडीचाही मीटर पळाला. आगीतून फुफाट्यात. तेव्हा काठापासून लांब, पायांच्या खालची माती उकरायची नाही, आणि निघालेला ढिगारा चरापासून दोन-तीन फूट मागं टाकायचा. नाहीतर पहिल्या पावसात तुमचा चर आपोआप बुजेल आणि तुम्ही पुन्हा आमच्याकडं... बरं, त्यांच्याकडं फोन कराल.

आता बुडखा. बाभळीचा म्हणालात ना? मला त्या बुडख्याचीच जास्त काळजी आहे. खड्ड्याला मशीन मोडत नाही, बुडख्याला मोडतं. लोकांना वाटतं, जेसीबी म्हणजे काय, लावली बकेट की उपटलं झाड. बाभळीची मुळं काय खोल गेलेली असतात, तुम्हाला मी सांगायला नको. आमच्या वहीत एक पान आहे. दोन दात, एक पिन, एक होज, आणि खाली लाल शाईनं ‘बुडखा’. मालकाला तिथं घर बांधायचं होतं, मुहूर्त गाठायचा होता. ऑपरेटरनं बकेट मुळात अडकवली आणि गाडीच पुढं ओढली. हातानं खेचायचं ते चाकानं खेचलं. झटका बसला तो सगळा बूमच्या बुडाशी. आमचे हे त्या रात्री जेवले नाहीत.

रीत काय आहे, आधी चारी बाजूंनी गोल चर घ्यायचा, मुळं उघडी करायची, एकेक मूळ तोडत जायचं, मग खालून बकेट घालून हळूहळू हलवायचं. हलत नसलं की मशीन स्वतःच सांगतं. किर्रर्र असा कळवळल्यासारखा आवाज येतो. तो आला की लिव्हर सोडायचा, जागा बदलायची. धरून ठेवला तर तेल तापतं आणि एखादा होज तरी जातोच. ऑपरेटरला ते ठाऊक असतं हो, पण मागून मालक ओरडत असतो ना, ‘दाब, दाब, होतंय!’ तुमचे हे ओरडतील का? ओरडतील. त्यांना उद्या सकाळी बाजाराला पाठवा.

खड्डा सपाट करताना बकेट आडवी फिरवून ढिगारा झाडायचीही सवय असते काहींना. दिसतं झकास. पण तो हात वरखाली आणि आतबाहेर ओढायला केलेला, आडव्या दणक्याला नाही. त्यानं बूमच्या बुडाच्या पिना झिजतात, मग बकेट डुगडुगायला लागते. ढिगारा ओढायला पुढची बकेट आहे की. आणि दगड फुटत नाही म्हणून बकेटनं हाणायचं नाही. दगड निघाला तर थांबा, ब्रेकरवाल्याला बोलवा.

बकेटवरून आठवलं, निवडणुकीच्या निकालाला गुलाल उधळायला गाडी मागायला आले होते. पुढच्या बकेटमध्ये चार पोरं उभी करायची, वर न्यायची आणि गुलाल! सगळ्या महाराष्ट्रात चाललंय हे खूळ. आमच्या यांनी हात जोडले. फुलं टाका, गुलाल टाका, माणूस टाकायचा नाही. ते गेले दुसरीकडं. तिथं मिळाली गाडी. कुणाकडं, ते तुम्हाला उद्या समोर दिसेलच.

थांबा हं, दूध उतू जाईल. ...

हां. कुठं होतो आपण? तारा. तुमच्या परसावरून ती लाइटीची तार गेलीय, तिच्याखाली बूम उंच करू देऊ नका. ऑपरेटरचं लक्ष खड्ड्यात असतं, वर बघायला खाली एक माणूस लागतो. तो तुम्हीच व्हा. तारेला चुकून लागलंच तर ऑपरेटरनं गाडीतच बसून राहायचं, बाहेरच्यांनी जवळ जायचं नाही, वीज मंडळाला फोन. गाडीनं पेटच घेतला तर दोन्ही पाय जोडून लांब उडी, गाडीला आणि जमिनीला एकदम स्पर्श करायचा नाही. आमचा ऑपरेटर हे पाठ म्हणून दाखवतो.

चराची माती काढताना वरची काळी माती एका अंगाला ठेवायला सांगा आणि खालचा मुरूम दुसऱ्या अंगाला. कारण घाईत सगळं एकत्र होतं आणि मग मुरूम वर, काळी खाली. पिठाच्या गिरणीमागच्या रानात तसंच झालं, सपाटीकरणाच्या नादात. दोन सालं झाली, त्या पट्ट्यात हरभरा गुडघ्याला लागत नाही. जेसीबीला काही झालं नाही, जमीन मात्र मोडली. ती भरून द्यायला कोण येणार? आणि मुरूम जास्त निघाला म्हणून ट्रॉली भरून विकायला जाऊ नका. जमीन महसूल कायद्याचं कलम ४८ आहे, परवान्याविना बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, आणि गाडीही अडकते. तलाठी अण्णा तसे चांगले आहेत, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण चांगली माणसंच पंचनामा नीट लिहितात.

आता ट्रॅक्टर. पोरगा चालवतो चांगला, मान्य. शर्यतीला चालवतो, तेही बघितलंय मी. पण रोटर म्हणजे नुसतं चालवणं नाही. मळ्यात परवा पाऊस पडून गेलाय, वाफसा आलाय का? मूठभर माती घेऊन दाबायची, चिकटली तर घरी जायचं. ओल्या काळ्या रानात ट्रॅक्टर घातला की वरची माती चिखलते, खालची चाकाखाली दबून घट्ट होते, आणि तो थर मुळं भेदत नाहीत. अवजार बँकेनं परवाची तारीख दिलीय म्हणून परवाच घालायचा, असं नसतं हो. तारीख वाफशाला विचारून घ्यायची.

दुसरं, तुमच्या उसाचा खोडवा निघाला तेव्हा ठिबकच्या नळ्या गोळा केल्यात का? सगळ्या? बघा हं. रानात नळीचा एक तुकडा राहिला की रोटरच्या रॉडला गुंडाळतो, बेअरिंगच्या सीलपर्यंत जातो, सील फाटतं, तेल जातं, मग गिअरबॉक्स. मागच्या मोसमात आमचा रोटर असाच आला, नळी अशी आवळलेली की सुरीनं कापून काढायला दुपार गेली. गिऱ्हाईक म्हणतं, ‘नळी आमची नव्हतीच.’ मग काय वाऱ्यानं आली?

आणि ती काढताना इंजिन बंद, चावी खिशात. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. शर्टाचं टोक, ओढणी, पदर, काही एक धागा लागला की माणूस आत. मळ्यात जेवण द्यायला तुम्ही जाल ना? ट्रॅक्टर बंद झाल्याशिवाय मागं फिरकू नका. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं झाकण आहे का तेही बघा. लोक काढून टाकतात, ग्रीस मारायला आडवं येतं म्हणून.

वळताना काय करायचं, हे पोराला सांगा. रोटर उचलायच्या आधी पीटीओ बंद. चालू पीटीओवर रोटर वरपर्यंत उचलला की शाफ्टला नको इतका कोन येतो आणि क्रॉस तुटतो. टक् असा आवाज येतो, आणि तो आवाज मला स्वयंपाकघरातून ओळखू येतो. रोटर जमिनीत असताना मागं घ्यायचा नाही, वळायचंही नाही. बांधापासून हात-दोन हात जागा सोडायची, कडेचं नंतर मारता येतं. बांधाला लागून शेवटचा वाफा साधायला जातात आणि पाती दगडाला लागतात. पाती झिजली तर ट्रॅक्टरवाल्याची, दगडावर तुटली तर तुमची. हे आधी बोलून घ्या, तोंडी नको, व्हॉट्सॲपवर लिहून. डिझेल कुणाचं, पंक्चर कुणाचं, पाती कुणाची.

ट्रॅक्टर चिखलात फसला तर दोर कुठं बांधायचा, ठाऊक आहे ना त्याला? खालच्या हुकालाच. वरच्या टॉपलिंकला किंवा एक्सलला बांधून ओढलं की पुढची चाकं उचलतात आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत ट्रॅक्टर मागं पलटतो. पोरं हुशारी करतात तिथं. आणि रस्त्यावर आला की दोन्ही ब्रेक एकत्र जोडायचे. रानात वळायला सुटे ठेवतात, मग तसाच डांबरीवर येतो, घाईत एकच ब्रेक दाबतो, आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

कागद बघायचे राहिले. ड्रायव्हरचं लायसन, गाडीचा विमा. शेतीसाठीचा ट्रॅक्टर भलत्याच कामाला लावला आणि काही झालं, तर विमा कंपनी बोट दाखवायला मोकळी. परवाचा ट्रॅक्टर पोरगा चालवणार, तर त्याचं लायसन आहे ना? ‘काढायचंय’ म्हणजे नाही. मग परवा नको. ड्रायव्हर लग्नातून येऊ दे, मेहुणीचं लग्न काय रोज असतं?

बरं, मला काय त्याचं. तुमच्या त्या माणसाचा तासाचा भाव नक्की काय ठरला? एवढाच? डिझेलसकट? आणि मीटर कुठून धरणार, दारात लावल्यापासून का त्याच्या घरून निघाल्यापासून? विचारलं नाहीत? अहो, तो राहतो फाट्याच्या पलीकडं, जाऊन-येऊन पाऊण तास तरी जातोय. धरा हिशेब बोटांवर. दोन तासांचं काम, पाऊण तास येण्या-जाण्याचा, वरून ग्रीसची पंधरा-वीस मिनिटं... आला ना आमच्याहून वर? मी काही म्हणत नाही हं. आमची गाडी उद्या दुपारनंतर मोकळी आहे, एवढंच आपलं कानावर घालते. आणि घरामागंच उभी असते, येण्याचा मीटर नाही. ह्यांना सांगू का?